दर दहा दिवसांनी सकाळी ७.२० ला ॲप आडवं पडतं: सीपीयू १८ टक्के, तरीही सगळीकडे ५०४

आधी लक्षणं सांगतो. तुमच्याकडे हेच दिसत असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी ५०४ (वेळेत उत्तर आलं नाही, हा एरर) यायला लागतात. सर्व्हरचा सीपीयू निवांत, डेटाबेसचाही निवांत, मेमरी ठीक. ऑटोस्केलिंग (ताण वाढला की आपोआप सर्व्हर वाढवणं) ढिम्म हलत नाही. पॉड (ॲपच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) आपोआप रीस्टार्ट होत राहतात. सगळं बंद करून चालू केलं की कधी सुरळीत होतं, कधी पाच मिनिटांत पुन्हा तेच. आणि सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे ज्या कामामुळे ताण आला असेल असा संशय असतो ते काम संपून तास झाला तरी ॲप उठत नाही.

आमचं ॲप दूध संकलनाचं आहे. साधारण १,४०० संकलन केंद्रं, प्रत्येक केंद्रावर साठेक शेतकरी. शेतकऱ्यानं दूध ओतलं, वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) निघालं की काट्याला जोडलेलं यंत्र ती नोंद आमच्याकडे पाठवतं. आम्ही दर लावतो, नोंद साठवतो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो: अमुक लिटर, अमुक फॅट, इतके रुपये. सकाळी सहा ते साडेआठ ही मोठी पाळी. ७.१५ ते ७.४५ या अर्ध्या तासात सेकंदाला चाळीसेक नोंदी येतात. चाळीस म्हणजे काहीच नाही, हे मलाही कळतं. म्हणूनच जास्त लाज वाटायची.

ॲप पडायचं ते महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला. दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं, त्यामुळे पहिला संशय अर्थातच बिल काढणाऱ्या रात्रीच्या जॉबवर गेला. तो पहाटे तीनलाच संपलेला असायचा. मग संशय डेटाबेसवर. एक पायरी मोठा डेटाबेस घेतला, महिन्याचा खर्च वाढला आणि ११ तारखेला ७.२० ला ॲप पुन्हा पडलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

धागा सापडला तो मॉनिटरिंगमध्ये नाही, फोनवर. एका संस्थेच्या सचिवांनी सपोर्टला फोन केला होता. त्यांच्याकडचा एक शेतकरी मोबाइल घेऊन समोर उभा होता. "अहो, यांना सकाळपासून सात मेसेज आले साडेबारा लिटरचे. यांच्याकडे म्हशी दोनच आहेत. सातही खरे धरायचे का?" सपोर्टच्या मुलानं ते तिकीट 'किरकोळ' म्हणून लावलं होतं. मी ते दुपारी चहा पिताना वाचलं आणि चहा तसाच राहिला. एका नोंदीचे सात मेसेज याचा अर्थ ती नोंद आमच्या कोडमधून सात वेळा गेली होती. दारावर चाळीस माणसं आहेत असं आम्ही समजत होतो. आत किती होती हे कुणी मोजलंच नव्हतं.

नेमकं काय होत होतं

नोंद साठवणारा कोड असा होता: ट्रान्झॅक्शन (सगळं लिहिलं जाईल नाहीतर काहीच नाही, असा डेटाबेसचा व्यवहार) उघड, दर काढ, नोंद लिही, एसएमएस पुरवठादाराला कॉल कर, मग कमिट कर, म्हणजे पक्कं कर. कोड लिहिणाऱ्याचा विचार भाबडा होता, पण चुकीचा म्हणता येत नाही: मेसेज गेला नाही तर नोंदही नको. (तो लिहिणारा मीच, २०१९ साली.) या रचनेत एसएमएसचं उत्तर येईपर्यंत डेटाबेसचं एक कनेक्शन नुसतं धरून बसलेलं असतं.

एरवी हे सगळं ६० मिलिसेकंदांत उरकायचं. आता साधा गुणाकार करा. सेकंदाला ४० नोंदी गुणिले ०.०६ सेकंद, म्हणजे एका वेळी सरासरी अडीच कनेक्शनं गुंतलेली. आमचे सहा पॉड, प्रत्येकाचा पूल, म्हणजे तयार कनेक्शनांचा साठा, दहाचा, एकूण ६०. चैन होती. पण एसएमएसचं उत्तर चार सेकंदांनी यायला लागलं तर ४० गुणिले ४, म्हणजे १६० कनेक्शनं हवीत. आहेत ६०. नोंदींचा वेग तोच, डेटाबेस तोच, तरी सगळं ठप्प. या गुणाकाराला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली, आणि माझ्या मते क्लाउडच्या कुठल्याही सर्टिफिकेटआधी हा एक गुणाकार प्रत्येकाला करता यायला हवा. सीपीयू १८ टक्के का होता तेही इथेच कळतं. कुणी काम करतच नव्हतं, सगळे वाट बघत होते. आणि आमचं ऑटोस्केलिंग सीपीयू बघून चालायचं.

एसएमएस चार सेकंदांनी का? कारण १, ११ आणि २१ तारखेला सकाळी ७.१० ला बिलाचे ८४,००० मेसेज त्याच खात्यातून सुटायचे. पुरवठादारानं आमच्या खात्याला सेकंदाला १०० मेसेजची मर्यादा घातलेली. म्हणजे बिलाचे मेसेज १४ मिनिटांत संपणार, ७.२४ पर्यंत. तोवर पाळीचे मेसेज त्याच रांगेत तिष्ठत.

इथपर्यंत समजल्यावर आम्ही बिलाचे मेसेज दुपारी दोनला ढकलले आणि एकमेकांना टाळ्या दिल्या. पुढचे दहा-दहा दिवसांचे दोन हप्ते शांत गेले. तिसऱ्या हप्त्यात, कुठल्याशा साध्या १७ तारखेला, पुरवठादाराकडेच तीन मिनिटं गडबड झाली आणि आम्ही तासभर पडून राहिलो.

म्हणून ही दुरुस्ती नव्हतीच. खरा प्रश्न असा की १४ मिनिटांचं किंवा तीन मिनिटांचं कारण संपल्यावर ॲप आपोआप का उठत नाही?

रिट्रायचा गुणाकार

काट्यावरच्या यंत्राचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, दहा सेकंद. उत्तर आलं नाही तर ते लगेच आणखी तीन वेळा प्रयत्न (रिट्राय) करायचं, म्हणजे एकूण चार. मध्ये एनजिनएक्स, आलेल्या विनंत्या पॉडांना वाटून देणारा सर्व्हर. त्याचा टाइमआउट पाच सेकंद, आणि एक पॉड बोलला नाही तर दुसऱ्याला विचार, म्हणजे दोन. एनजिनएक्स मुळात शहाणा आहे. आवृत्ती १.९.१३ पासून, एकदा पाठवलेली पोस्ट विनंती (नवी नोंद लिहायला सांगणारी) तो आपणहून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवत नाही. पण कधीतरी एका डिप्लॉयमेंटच्या वेळी थोडे ५०२ एरर दिसले म्हणून आमच्यातल्याच कुणीतरी तो पर्याय मुद्दाम चालू केला होता आणि कमिट मेसेजमध्ये लिहिलं होतं 'फिक्स'. त्याच्या आत एसएमएस लायब्ररीचे स्वतःचे तीन प्रयत्न.

चार गुणिले दोन गुणिले तीन: चोवीस. शेतकऱ्यानं एकदा दूध ओतलं की वाईटात वाईट वेळी एसएमएस पुरवठादाराचं दार चोवीस वेळा वाजणार. सेकंदाला ४० नोंदींचे कागदावर ९६० कॉल, आणि मर्यादा १००. पूल आडवा येत असल्यानं प्रत्यक्षात तितके व्हायचे नाहीत, पण शंभरी ओलांडायला त्याच्या जवळपासही जायला लागत नाही. बिलाचे मेसेज केव्हाच संपलेले, आता आमचेच रिट्राय ती मर्यादा भरून टाकत होते. पुरवठादार आम्हाला आणखी हळू करणार, त्यानं आणखी टाइमआउट, त्यानं आणखी रिट्राय. चाक स्वतःच्याच गतीनं फिरतंय, ढकलणारा घरी गेला तरी.

शिवाय बाहेर यंत्रानं नाद सोडला तरी आतल्या जावा थ्रेडला ते कळत नाही. तो बिचारा पूलच्या दाराशी हिकारीच्या (पूल सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या) मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद थांबणार, कनेक्शन मिळालं की इमानेइतबारे मेसेज पाठवणार आणि कमिट करणार, कुणीही वाट बघत नसलेल्या विनंतीसाठी. त्या सात मेसेजचं मूळ हेच, आणि त्यातून झालेल्या दुहेरी नोंदींचंही.

या प्रकाराला आता नावसुद्धा आहे: मेटास्टेबल फेल्युअर. २०२१ मध्ये या नावाचा एक शोधनिबंध आला, त्यात हेच मांडलंय की ठिणगी विझते पण व्यवस्था स्वतःच स्वतःला पेटती ठेवते. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ७ डिसेंबर २०२१ ला ॲमेझॉनच्या क्लाउडच्या उत्तर व्हर्जिनिया रिजनमध्ये (त्या भागातल्या डेटा सेंटरांत) आतल्या नेटवर्कवर अचानक कनेक्शनांची झुंबड उडाली. मग उशीर, मग पुन्हा पुन्हा जोडण्याचे प्रयत्न आणि त्यानं गर्दी कायम, असं त्यांनीच नंतर जाहीर लिहिलं. त्यात त्यांचं स्वतःचं मॉनिटरिंगही आंधळं झालं होतं. हे वाचून आमचं दुःख कमी झालं नाही, पण जरा प्रतिष्ठित वाटायला लागलं.

आत्ता, या क्षणी पडलेलं असेल तर

पॉड वाढवू नका. नवा पॉड म्हणजे आणखी दहा कनेक्शनं आणि पुरवठादारावर आणखी मारा. आमच्या डेटाबेसची, म्हणजे पोस्टग्रेसची, कनेक्शन मर्यादा बदलली नसेल तर ती १०० असते आणि त्यातली तीन सुपरयुजरसाठी राखीव. ती ओलांडली की चालू असलेले पॉडही अडकतात.

दार बंद करा. एनजिनएक्सवर सगळ्यांना सरळ ५०३ (आत्ता सेवा बंद) द्या, तीन-चार मिनिटं. छातीत धडधडतं, वरिष्ठांचे फोन येतात, पण हाच एक उपाय प्रत्येक वेळी लागू पडला. आत अडकलेले थ्रेड मोकळे होतात, पुरवठादाराची रांग ओसरते. मग दहा टक्के दार उघडा, नंतर तीस, नंतर सगळं. आमची यंत्रं न गेलेल्या नोंदी स्वतःकडे ठेवतात आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाठवतात, त्यामुळे दूध मोजणं कुठेच थांबत नाही. तुमच्या क्लायंटला अशी साठवण नसेल तर आधी ती करा, बाकीचं नंतर.

कायमची दुरुस्ती

सगळ्यात आधी एसएमएसचा कॉल ट्रान्झॅक्शनमधून हाकलला. नोंद लिहितानाच त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'पाठवायचे मेसेज' या टेबलात एक ओळ लिहायची, कमिट करायचं आणि यंत्राला उत्तर द्यायचं. मेसेज पाठवायला वेगळा वर्कर. याला आउटबॉक्स म्हणतात. पुरवठादार अख्खी सकाळ मेला तरी दूध मोजलं जातं, फक्त मेसेज उशिरा पोचतो. माझ्या अंदाजानं ऐंशी टक्के आजार या एका बदलानं गेला. क्लाउडवर आपण दोन झोन (वेगवेगळी डेटा सेंटरं) घेतो, स्टँडबाय, म्हणजे राखीव डेटाबेस घेतो, ती सगळी तजवीज सर्व्हरचं यंत्र मरण्यासाठी असते. मेलेलं यंत्र परवडलं. ते कळतं, बाजूला काढता येतं. जीव घेतं ते रेंगाळणारं, कारण ते जिवंत असल्याचं सांगत राहतं आणि प्रत्येकाचा हात धरून ठेवतं.

मग दुहेरी नोंदी. पहिली कल्पना सोपी होती: शेतकऱ्याचा कोड, तारीख, पाळी, गाय की म्हैस यांवर युनिक की, म्हणजे तीच जुळणी दुसऱ्यांदा लिहू न देणारी अट. दुसऱ्याच दिवशी तक्रार आली. एका शेतकऱ्यानं सहाला एक कॅन आणला आणि साडेसातला धाकट्याबरोबर दुसरा पाठवला. आम्ही दुसरा कॅन गिळून टाकला होता. नोंद एकच आहे की दोन, हे सर्व्हरला बाहेरून कळणं शक्य नाही, ते काट्यावरच ठरतं. म्हणून ओळखक्रमांक यंत्रानंच द्यायचा: यंत्राचा नंबर आणि त्याच्या कायमस्वरूपी मेमरीतला चढता आकडा. वेळ वापरायची नाही, कारण घड्याळाचा सेल उतरला की ही यंत्रं १ जानेवारी २००० मध्ये जाऊन बसतात. रिट्रायला तोच क्रमांक, नव्या कॅनला नवा. पोस्टग्रेसमध्ये 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग', म्हणजे तो क्रमांक आधीच असेल तर काही करू नको. यातही एक माती खाल्ली: आधीच असलेल्या नोंदीला आम्ही ४०९ (टक्कर झाली) देत होतो. यंत्राला २०० (सगळं ठीक) सोडून काहीच कळत नाही. ते पुन्हा पुन्हा पाठवत बसलं. आता दुसऱ्यांदा आलेल्या नोंदीलाही निमूट २०० आणि पहिल्या वेळचंच उत्तर.

टाइमआउट आतून बाहेर वाढत जायला हवेत. आमचे उलटे होते: आत ३०, बाहेर पाच. आता पूलमध्ये थांबायला दोन सेकंद, डेटाबेसच्या एका स्टेटमेंटला तीन, एनजिनएक्सला दहा, यंत्राला पंधरा. स्टेटमेंटचा टाइमआउट प्रत्येक स्टेटमेंटला वेगळा लागतो हे विसरू नका. आमच्या ट्रान्झॅक्शनमध्ये दोन आहेत, म्हणून दोन अधिक तीन अधिक तीन, आठ, आणि ते दहाच्या आत बसतं.

रिट्राय एकाच थरावर ठेवला, सगळ्यात बाहेर, यंत्रात. एनजिनएक्सचा तो 'फिक्स' काढला. यंत्राचे प्रयत्नही लगेच नाहीत: आधी शून्य ते दोन सेकंदांतली कुठलीतरी वेळ, मग शून्य ते चार, मग शून्य ते आठ. ती 'कुठलीतरी' महत्त्वाची. नुसतं दोन, चार, आठ ठेवलं तर १,४०० यंत्रं हातात हात घालून एकदमच परत येतात. आमच्याकडे तर लाइट गेली की अख्ख्या टापूतली केंद्रं एकदम जातात आणि आली की एकदम येतात, त्यामुळे हे पुस्तकी ज्ञान राहत नाही. मात्र फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) १,४०० गावांत एका दिवसात बदलत नाही. जुनी यंत्रं अजून आहेत, म्हणून पॉडवर एक मर्यादा टाकली: एका वेळी चाळीसहून जास्त विनंत्या आत असतील तर पुढच्याला तत्काळ ५०३. तत्काळ नकार स्वस्त पडतो.

पॉड का मरत होते ते राहिलं. आमची लाइव्हनेस तपासणी (पॉड जिवंत आहे का ते बघणारी) डेटाबेसला 'सिलेक्ट १' विचारायची. पूल रिकामा, त्यामुळे तपासणीही रांगेत. पॉड चालवणाऱ्या कुबरनेटिसचं मूळ सेटिंग म्हणजे एक सेकंद वाट, दर दहा सेकंदांनी तपासणी, तीनदा चुकली की कंटेनर मारा. अर्ध्या मिनिटात धडधाकट पॉड ठार, नवा उठायला ५० सेकंद, तोवर त्याचा भार उरलेल्या पाचांवर, मग त्यातला एक. लाइव्हनेसनं एवढंच विचारावं: बाबा, तू स्वतः जिवंत आहेस ना? शेजारी आजारी आहे म्हणून याला गोळी घालण्यात काय हशील?

खरंच दुरुस्त झालं का ते कसं पाहिलं

स्टेजिंगवर (ॲपच्या चाचणीच्या प्रतीवर) एसएमएस पुरवठादाराच्या जागी एक बुजगावणं उभं केलं, जे प्रत्येक कॉलला चार सेकंद झोपतं. जुना कोड दोन मिनिटांत पडला, हुबेहूब ११ तारीख. नवा कोड चालत राहिला, आउटबॉक्स फुगत गेला. मग बुजगावणं जागं केलं आणि घड्याळ लावलं. महत्त्वाची चाचणी हीच आहे: कारण काढून घेतल्यावर किती वेळात सावरतो. पडला का, एवढंच बघून थांबू नका.

हात ओला आहे तोवर डेटाबेसचा फेलओव्हरही (मुख्य पाडून स्टँडबायवर जाणं) मुद्दाम करून पाहिला. स्टँडबाय मिनिटभरात वर आला, पण दोन पॉड तसेच लटकलेले. कारण पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरचा सॉकेट टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे अनंत. जुन्या, मेलेल्या डेटाबेसकडून उत्तर येईल म्हणून ते थ्रेड बसून होते. तो २० सेकंद केला. दोन वर्षं आम्ही स्टँडबायचे पैसे भरत होतो आणि खरी वेळ आली असती तर एक तृतीयांश ॲप गोठलं असतं.

या काळात एक सूचना वरून वारंवार यायची: हैदराबाद रिजनमध्ये दुसरी प्रत ठेवू. ॲमेझॉनचं मुंबई रिजन २०१६ चं, हैदराबाद २०२२ चं, सोय आहे. पण त्या दुसऱ्या प्रतीनंही त्याच एसएमएस खात्यावर तेच चोवीस कॉल केले असते. मी नाही म्हटलं. रिजनच गेलं तर काय, हा प्रश्न रास्त आहे, पण तो वेगळा आहे आणि त्याचं उत्तर आमच्या यंत्रांच्या साठवणीत बरंचसं आहे.

शेवटी आउटबॉक्समुळे उभा राहिलेला एक नवा तिढा. पुरवठादार चाळीस मिनिटं बंद राहिला तर हजारो मेसेज साठतात. तो उठल्यावर जुने आधी पाठवायचे की नवे? आम्ही आधी क्रमानं पाठवत होतो. त्यात काट्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला आत्ताचा मेसेज मिळायचा नाही, कारण रांगेत पुढे सहा वाजताचे, केव्हाच घरी गेलेले लोक. आता वर्कर नव्यापासून मागे जातो, जुन्यांना सेकंदाला वीसच्या वेगानं मधेमधे घुसवतो, आणि बिलाचे मेसेज वेगळ्या खात्यातून, दुपारी. सहा तासांहून जुना मेसेज तसा पाठवायचा की संध्याकाळच्या पाळीच्या मेसेजमध्ये एका ओळीत जोडायचा यावर अजून वाद चालू आहे. सचिव मंडळी जोडा म्हणतात.